समक्ष हजर

साल एकोणीसशे त्र्याहत्तर, चैत्र संपत आलेला. त्या सकाळी चुलीपुढं बसून मी दोन माणसांसाठी भाकरी थापत होते, आणि ती दोघंही माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला निघाली होती.

एक माझी सासू, मैनाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. दुसरा माझा दीर वासुदेव. हायकोर्टाच्या कागदावर मी अर्जदार आणि तो गैरअर्जदार. घरात मात्र आम्ही एकाच चुलीवरचं खात होतो, कारण दुसरी चूल मांडायला मला जागा नव्हती आणि रांधायला त्यांच्याकडे दुसरी बाई नव्हती.

वासुदेव पालिकेचा खाकी ड्रेस घालून दारात उभा राहिला. पट्ट्याचं बक्कल त्यानं राखेनं घासलं होतं.

"वहिनी, पिठल्यात मीठच टाकलं ना? दुसरं तं काही नाही? साक्षीच्या आधी मेलो तं तुमचंच नुकसान."

"तुम्ही गेल्यावर तुमच्या जागी कोणाले लावतीन, भाऊजी?" मी विचारलं. "मले तं लावत नाही."

ओसरीवरून आत्याबाईंचा आवाज आला. "तोंड चालते तेवढे हात चालू दे. गाडी कोणासाठी थांबत नाही."

मी दोघांच्या भाकरी एका फडक्यात बांधल्या, माझी वेगळ्या फडक्यात. छबीला, माझ्या चार वर्षांच्या मुलीला, शेजारच्या दारात सोडलं. शेजारणीनं पोरीला आत घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वर्षात खडकनेरमध्ये माझ्याकडे फारसं कोणी पाहत नसे. दिराची नोकरी खायला निघालेली बाई, असं माझं नाव झालं होतं.

माझे मालक पुंडलिक ताथोड पालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. गंजलेल्या व्हॉल्वनं पायाला कापलं, धनुर्वात झाला आणि ते गेले. नोकरीवर असताना माणूस गेला तर त्याच्या बायकोला पालिकेनं शिपायाच्या जागेवर घ्यायचं, असा तेव्हा ठराव होता. बायको स्वतः नाही म्हणाली तरच ती जागा भावाला. तेरवी उलटून महिना झाला असेल, तेव्हा वासुदेव एके दिवशी खाकी ड्रेस घालून घरी आला आणि आत्याबाईंच्या पाया पडला. मला वाटलं, माझ्या नोकरीच्या अर्जाचं बघायला म्हणून तो पालिकेत जात होता, तेव्हा त्यानं स्वतःचंही कुठं जमवलं असेल. पालिकेत जाऊन विचारलं तर कारकुनानं दहाव्याच्या दिवशीच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवलं. मयताची पत्नी समितीपुढे समक्ष हजर राहिली व दिरास नोकरी देण्यास तिने तोंडी संमती दिली.

मी कधीच त्या खोलीत गेले नव्हते. तसं म्हटलं, तर कारकून म्हणाला, "बाई, इथं लिहिलं आहे."

जिल्ह्याच्या गावचे धाबेकर वकील म्हातारे होते, दम्यानं बेजार, पण त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि मला नागपूरला नेलं. हायकोर्टाच्या पायऱ्या चढताना माझ्या पायात चपला नव्हत्या. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्या तुटल्या होत्या. जजसाहेब जे बोलले ते धाबेकरांनी बाहेर व्हरांड्यात मला समजावलं. कोणाला नोकरी द्यायची हे कोर्ट ठरवणार नाही, ते पालिकेचं काम. कोर्ट एवढंच बघणार, की या बाईला विचारलं होतं की नाही. आता पालिका म्हणते विचारलं, तू म्हणतेस नाही. तेव्हा एस.डी.ओ. साहेबांनी, म्हणजे प्रांतसाहेबांनी, सगळ्यांचे जबाब घ्यावेत आणि कळवावं.

त्या जबाबाला आम्ही तिघं निघालो होतो.

गाडीत ते दोघं पुढच्या बाकावर बसले, मी त्यांच्या मागच्या. खिडकीतून धुरळा आत येत होता. शेतं नुसती तांबडी दिसत होती. वासुदेवनं आवाज न उतरवता विचारलं, "माय, काय सांगशीन?"

आत्याबाईंनी एका दमात म्हणून दाखवलं. "पुंडलिकचं दहावं झालं त्या दिवशी दुपारून मीच तिले पालिकेत धाडलं. तिनं साहेबाईले सांगतलं, मले जमत नाही, दिराले लावा. मी दारापर्यंत सोबत होती."

"आन् वकिलानं उलटं विचारलं तं?"

"तं हेच परत सांगीन."

आठवडाभर हे चाललं होतं. त्यांना एकदा पाठ झालेलं कधी चुकत नसे. गावातल्या लग्नांची सगळी गाणी त्यांना क्रमानं येत, कोणाच्या घरी कोणी किती चोळ्या दिल्या हे वीस वर्षांनी सांगत. त्या मागं वळल्या आणि पहिल्यांदाच त्या दिवशी माझ्याशी सरळ बोलल्या.

"ऐकलं ना? आजचा दिवस. मग तू आपल्या भावाकडे जाय. पोरगी आमच्यापाशी राहीन. ताथोडाची आहे ते."

माझा भाऊ दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. त्याच्या घरात मला जागा नव्हती, छबीला तर नव्हतीच. मी माझ्या भाकरीचं फडकं मांडीवर घट्ट धरून बसले.

एस.डी.ओ. कचेरीची इमारत इंग्रजांच्या काळातली. छताला पंखा ओढायच्या दोरीची कडी अजून तशीच होती, खाली विजेचा पंखा मात्र बंद. साहेबांचं नाव सामंत. तरुण होते, कोकणाकडचे, आमची बोली त्यांना अर्धी कळत नसे. त्यांच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून पालिकेचे अध्यक्ष नारायणराव सोनटक्के बसले होते. जबाब द्यायला आलेला माणूस साहेबाच्या शेजारी कसा बसतो, असं मी धाबेकरांना कानात विचारलं. ते म्हणाले, "तो बसतो. तू उभी राहा."

पालिकेचे वकील गुल्हाने. गोरेपान, पान खाल्लेले, बोलायला गोड. आधी मला उभं केलं.

"वेणूबाई, दहाव्याच्या दिवशी दुपारी तुम्ही कुठं होत्या?"

"घरी. मधल्या घरात, जात्यापाशी. आमच्या घरची रीत आहे. नवऱ्यामागं राहिलेल्या बाईनं तेरवीपर्यंत उंबरा ओलांडायचा नसते."

"वा." गुल्हाने साहेबांकडे वळून हसले. "आणि नागपूरला गेल्या होत्या?"

"हो."

"एकट्या?"

"वकीलसाहेब होते."

"परपुरुषासोबत एस्टीनं नागपूर. हायकोर्टाच्या पायऱ्या चढल्या. खडी फोडायला जाता, तिथं शंभर गडी असतात. बरोबर ना?"

"पोट भरायले जातो."

"मी काही वाईट म्हटलं नाही. मी एवढंच म्हणतो साहेब, नागपूर गाठणाऱ्या बाईला घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, हे जरा पचायला जड जाते."

नारायणराव मोठ्यानं हसले. वासुदेव भिंतीला टेकून उभा होता, तोही हसला. धाबेकर उठले, काहीतरी बोलू गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. मग साहेबांनी विचारलं, "तुमच्या बाजूचं कोणी साक्षीदार? शेजारी?"

कोणी नव्हतं. मी चार दारं फिरले होते. एकीनं तर दार लावून घेत सांगितलं होतं, "आमचा नळ नारायणरावांच्या शब्दावर आहे, बाई."

मग आत्याबाईंना बोलावलं. त्या पदर डोक्यावरून पुढं ओढून उभ्या राहिल्या. कारकुनानं देवाची शपथ सांगितली, ती त्यांनी नीट म्हटली. गुल्हाने आता अगदी मऊ आवाजात बोलायला लागले.

"मैनाबाई, तुमची सून त्या दिवशी पालिकेत गेली होती?"

"मीच धाडलं."

"तिनं दिराला नोकरी द्या म्हटलं?"

"म्हटलं."

"जबरदस्ती?"

"नाही."

कारकुनाचा टाक कागदावर चालत होता. मी खाली फरशीकडे पाहत होते. मला छबीचे केस दिसत होते, सकाळी घाईत मी तिची वेणी अर्धीच घातली होती. एवढ्यात संपलं, असं मला वाटलं. गुल्हानेंनाही तसंच वाटलं असावं. ते बसायला वळले, आणि माझं म्हणणं पार पुसून टाकावं म्हणून परत उभे राहिले.

"साहेब, रीतीचा मुद्दा राहिला. मैनाबाई, तुमच्या सुनेनं इथं सांगितलं, की तुमच्या घरात रीत आहे म्हणून. आता नवरा जाऊन दहाच दिवस झालेले, पांढरं कपाळ घेऊन ती भरबाजारातून पालिकेपर्यंत गेली, तुम्ही स्वतः पोचवायला गेल्या. म्हणजे तुमच्या घरात असलं काही फारसं पाळत नाहीत, असंच ना? खालच्या आळीतल्या घरांसारखंच."

आत्याबाईंनी पदर जरा मागं घेतला.

"कोनाच्या घरात?"

"तुमच्या."

"खालच्या आळीसारखं?"

"म्हणजे पाळत नसाल तर तसं सांगा, बिघडत नाही."

"माय," वासुदेव भिंतीपासून म्हणाला, "हो म्हन."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. त्यांचा आवाज उतरला की आम्ही घरात भांडी सुद्धा हळू ठेवायचो.

"माझा नवरा गेला तवा मी तेरा दिवस त्या जात्यापाशी बसेल होती. माझी सासू तशीच बसली. ताथोडाच्या घरातली बाई सुतकात बाजारातून फिरली, हे गावात कोन म्हनते, त्याले माझ्यापुढं आणा."

"मैनाबाई, आत्ताच तुम्ही म्हणाल्या—"

"ते जात्यापाशी होती. मी दारात आडवी पडून होती. बाहेर जायाचं तं माझ्या अंगावरून जावं लागत होतं. गेली नाही ते."

नारायणराव खुर्चीत पुढं सरकले. "मावशी, उन्हाचं आल्या तुम्ही. पाणी प्या. आठवून सांगा."

आत्याबाई त्यांच्याकडे वळल्या.

"पान्याचं तुम्हीच काढलं म्हनून सांगतो, नारायणराव. त्या दिवशी सकाळी तुम्ही नदीवर होते. तिथून आमच्या ओसरीवर आले. मी पानी पुढं केलं, तं तुम्ही हात मागं घेतला. सुतकाच्या घरचं नको म्हणे. घेतला का नाही?"

नारायणराव परत खुर्चीत मागं टेकले.

"आमच्या गडव्यातलं पानी तुम्हाले चाललं नाही. आन् दुपारून त्याच सुतकातली बाई तुमच्या कमिटीत, तुमच्यासमोर खुर्चीवर येऊन बसली, ते चाललं?"

सामंतसाहेबांनी नारायणरावांकडे पाहिलं. मग पहिल्यांदा ते आमच्या बोलीतलं सगळं कळल्यासारखे म्हणाले, "अध्यक्ष, आपण दहाव्याला नदीवर होता?"

"होतो. म्हणजे, माणूस पालिकेचा होता."

"आणि सभा त्याच दिवशीची आहे."

"तारखेचं कारकून बघतो, साहेब."

पालिकेतल्या लोकांनी माझ्या संमतीला नेमकी ती तारीख का घातली असेल, यावर मी नंतर खूप विचार केला. त्या महिन्यात तेवढी एकच सभा झाली होती, म्हणून घातली, दुसरं काही नाही. दहाव्याला ते सगळे पुरुष नदीवर, पिंडाकडे बघत उभे होते. मागं घरात बाई कुठं बसली आहे, हे त्यांच्या ध्यानात असायचं कारणच नव्हतं.

गुल्हाने कागद गोळा करायला लागले. "साहेब, साक्षीदार म्हातारी आहे, गोंधळली आहे."

"मले गोंधळलेलं लिहू नको," आत्याबाई कारकुनाला म्हणाल्या.

त्यांनी अंगठा दिला. शाई बोटाला लागली ती त्यांनी टेबलाच्या फडक्याला पुसली आणि दाराकडे निघाल्या. वासुदेव त्यांच्या वाटेतून बाजूला झाला. मी दाराशीच उभी होते. माझ्यावरून नजर नेत त्या उंबऱ्यावर थांबल्या आणि वळून म्हणाल्या,

"साहेब, आनखी एक लिहा. तिले कोणी विचारलं नाही. नोकरीचं नाही अन् कशाचंच नाही."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. "जबाब संपला आहे. घेऊ का?"

"घ्या," सामंत म्हणाले.

परतीच्या गाडीला वासुदेव आला नाही. वकिलांच्या मागं मागं गेला. गाडी अर्धी रिकामी होती, तरी आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या नाहीत. त्या पुढं, मी मागं, सकाळसारखंच. फडक्यातली भाकरी तशीच होती. मी उठून ती त्यांच्यापुढं केली. त्यांनी घेतली, अर्धी मोडली, खाल्ली.

"आत्याबाई," मी म्हटलं, "सकाळी तुम्हाले सगळं पाठ होतं."

"मंग?"

"मंग काय झालं?"

"माझ्या घराची अब्रू काढत होता तो, पान खाऊन. तुझ्यासाठी नाही बोलली मी. समजलं का? तुझ्यामुळं माझं पोट्टं आता रस्त्यावर येईन."

"आन् ते शेवटचं?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं, दुष्काळाची जमीन होती.

"कोणतं शेवटचं?" त्या म्हणाल्या. "जाय, आपल्या जागी बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंगणाच्या पार टोकाला तीन दगड मांडलेले होते. आत्याबाई आमच्या चुलीशी बसून स्वतः भाकरी थापत होत्या. मला पाहून त्यांनी नुसतं त्या दगडांकडे बोट दाखवलं.

कोर्टाचा निकाल पोळ्याच्या सुमारास आला. मी लायक आहे, गरीब आहे, माझं खरं आहे, यातलं त्यात काहीच नव्हतं. बाईला न विचारता तिची संमती लिहिली, म्हणून ती नेमणूक रद्द, एवढंच होतं. पालिकेनं पुन्हा विचार करावा. पालिकेनं तो दोन महिने केला, आणि धाबेकरांची नोटीस गेल्यावर मला कामावर घेतलं. पहिल्या दिवशी वासुदेवचाच खाकी कोट मला दिला. नवा शिवायला मंजुरी नाही म्हणाले. बाह्या दुमडून मी तो घातला.

धाबेकर वकील पुढल्याच थंडीत गेले. सामंतसाहेबांची बदली अहवाल पाठवल्यावर लगेच झाली, ते मला पुन्हा दिसले नाहीत. गुल्हाने मोठे सरकारी वकील झाले. नवीन पोरांना ते ही गोष्ट सांगत म्हणे, एक प्रश्न जास्त विचारला की केस कशी जाते म्हणून. नारायणराव आणखी आठ वर्षं अध्यक्ष राहिले. रोज सकाळी मी त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायची आणि ते विचारायचे, "काय वेणूबाई, समक्ष हजर?" बाकीचे हसायचे. पुढं त्यांना मधुमेह झाला, एक पाय गेला, मग कोणी हसत नसे. ते मात्र विचारतच राहिले.

छबी नर्स झाली. आता तिला नातू आहे.

वासुदेव एका कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, मग ट्रकवर. माझ्याशी त्यानं बोलणं टाकलं. त्याच्या लग्नात मला अंगणापर्यंतच येऊ दिलं. छबीला घेऊन मी पालिकेच्या चाळीत एक खोली घेतली, तिच्या दाराशी आत्याबाई एकदाही आल्या नाहीत. बाजारात समोर आल्या तर बाजूच्या दुकानाकडे वळत. छबीला तेवढं थांबवून तिची वेणी घट्ट घालून देत, आणि आईला काही येत नाही, असं तिला सांगत.

त्या गेल्या एक्क्याण्णव साली. मला निरोप नव्हता. पालिकेत जन्ममृत्यूच्या टेबलावर वासुदेव नोंद करायला आला, तेव्हा मला कळलं. मी तशीच त्याच्या मागं गेले. तो चालता चालता न वळता म्हणाला, "दहाव्याले येऊ नका. तुमची हजेरी नाही पाहिजे आम्हाले."

एवढ्या वर्षांत तो माझ्याशी बोलला ते तेवढंच.

मी गेले नाही. तेरवीपर्यंतची रजा टाकली, चपला फळीवर ठेवल्या आणि खोलीत बसून राहिले. दहाव्याच्या दिवशी दुपारी पालिकेतला एक नवा कारकून दाराशी आला. रेकॉर्डच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहिली होती.

"वेणूबाई, दोन मिनिटं येऊन उघडून द्या ना. साहेब बोलवत आहेत."

"तेरवी झाल्यावर येईन."

"अहो, तुमचं तर सासूशी पटत नव्हतं. सगळं गाव सांगते."

मी उठले, किल्ली घेतली आणि उंबऱ्याच्या आतून हात लांब करून त्याच्या हातात ठेवली.

"ताथोडाच्या घरातली बाई," मी म्हटलं, "सुतकात बाहेर पडत नाही."